उतरायला जागा

रजनी मॅडमनी काही न बोलता हात पुढं केला आणि थ्रॉटल पूर्ण मागं ओढला. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. समोरचा पंखा वाऱ्यानं नुसताच फिरत राहिला आणि एवढ्याशा विमानात अशी शांतता झाली, की राजानंदला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

"इंजिन बंद पडलंय असं धरा," त्या म्हणाल्या. "कुठं उतरणार?"

खाली डिसेंबरची सकाळ होती. घनसावंगीकडची रानं धुक्यातून एकेक करून वर येत होती, गोधडीच्या ठिगळांसारखी. डावीकडं, अगदी आवाक्यात, हरभऱ्याचं लांबलचक सपाट शेत होतं. त्यापलीकडं नाला, नाल्याकाठी बाभळी आणि बाभळींच्या मागं पडीक माळ. राजानंदनं वेग सांभाळला, वारा कुठून आहे ते पाहिलं, सगळं शिकवल्याबरहुकूम केलं आणि विमान माळाकडं वळवलं.

हरभऱ्याचं शेत पंखाखालून निघून गेलं. बाभळी मोठ्या होऊ लागल्या. माळ मात्र होता तिथंच होता. शेवटी बाभळींचे शेंडे वेगवेगळे मोजता येतील इतके जवळ आले, तेव्हा मॅडमनी थ्रॉटल पुढं ढकलला आणि विमान पुन्हा वर चढलं. धावपट्टीवर उतरेपर्यंत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

खरं म्हणजे हे दुखणं राजानंदनं स्वतः ओढवून घेतलं होतं. तो जालन्यातला डोळ्यांचा डॉक्टर. चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकला, परवाना मिळवला, सुट्टीच्या दिवशी क्लबचं विमान घेऊन तासभर हिंडून यायचा. ठरावीक मुदतीनं प्रशिक्षकाबरोबर उडून आपण अजून ठीक चालवतो हे दाखवावं लागतं. आजवरचे प्रशिक्षक भले होते. दोन चकरा, एक उतरणं, मग पोहे आणि सही. या वेळी मात्र त्यानं चार ठिकाणी विचारून सर्वांत कडक कोण ते शोधलं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, रजनी मॅडमचं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्याचा वर्गमित्र मिथुन म्हणालासुद्धा.

कारण या तपासणीनंतर शेजारच्या सीटवर माय बसणार होती.

मायचं नाव बेबीनंदा. घनसावंगी तालुक्यात तिचा जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेला होता. स्वतःचं ढेकूळही नव्हतं. पोरानं विमान चालवायचा परवाना काढला तेव्हा ती हसली होती, आणि मग वर्षानुवर्षं काही बोलली नव्हती. या दिवाळीत भाऊबीजेच्या जेवणानंतर अचानक म्हणाली, की मला एकदा वरून बघायचंय, म्या खुरपलेलं रान किती व्हतं ते. राजानंदला दोन रात्री झोप लागली नाही. मायनं आयुष्यात त्याच्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

विमानाला खुंट्यांशी बांधून झाल्यावर रजनी मॅडम पंखाच्या सावलीत उभ्या राहिल्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या.

"ते हिरवं शेत दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

"मग सोडलंत का?"

राजानंदनं तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते ऐकून तो स्वतःच चमकला.

"त्यात पीक उभं होतं."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"डॉक्टर, तुमचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षाही हलका आहे म्हणा. पण मी सही करणार नाही. वर काही झालं तर तुम्ही आईला घेऊन त्या बाभळींत जाल."

घरी परतला तेव्हा माय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. राजानंद तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानंही मूठभर शेंगा ओढून घेतल्या. काय घडलं ते त्यानं सांगितलं, काही न लपवता. लहानपणी तो एकदा सुटलेल्या शेळीमागं कुणाच्या तरी ज्वारीत शिरला होता आणि मालकाच्या माणसानं त्याला बांधापर्यंत फरफटत आणलं होतं. त्या रात्री मायनं त्याच्या पाठीला हळद लावता लावता बजावलं होतं, की दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय टाकायचा न्हाई. पुढं तो शिकला, शहरात आला, लोक त्याला साहेब म्हणू लागले. पाय मात्र अजून बांधावरच अडतो हे त्याला आज कळलं, आणि तेही हजारो फूट वर. याचं हसू यावं की रडू, हे त्याला ठरवता येईना.

मायचा हात थांबला.

"म्हून तू झाडात घालून राह्यला व्हता?"

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली.

"राजू, म्या तुला पिकात जाऊ नको म्हणलं ते तू जगावं म्हून. दुसरं काय कारण न्हाई त्याला." तिनं सोललेले दाणे ताटलीत टाकले. "पीक का, पुढल्या साली परत येतंय."

मग तिनं पुढची शेंग घेतली. राजानंद बराच वेळ टरफलं गोळा करत बसला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा थ्रॉटल ओढला, या वेळी वडीगोद्रीच्या बाजूला. खाली वीतभर वाढलेला गहू होता. राजानंदनं दुसरीकडं पाहिलंच नाही. तो थेट गव्हावर आला. पाटातलं पाणी चमकताना दिसू लागलं, मग वाफे दिसू लागले, आणि त्याच्या पाठीची कातडी आपोआप आक्रसली. कुणीतरी आता ओरडणार असं त्याला पक्कं वाटलं. कुणी ओरडलं नाही. मॅडमनी इंजिनाला जोर दिला, विमान वर आलं, आणि खाली उतरल्यावर त्यांनी सही केली. जाताना एवढंच सांगितलं, की वर असाल तेव्हा नजरेत सतत एक शेत धरून ठेवायचं. ते मागं पडलं की दुसरं.

मायला घेऊन तो उडाला तेव्हा डिसेंबर सरत आला होता. तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि पदरावरूनच हेडफोन चढवला होता. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा तिनं त्याचा दंड धरला, मग सोडला. ऊन कोवळं होतं. गोदावरी दूर कुठंतरी नुसती उजेडाची रेघ होती, आणि विमान पुढं जात नसून खालची रानंच संथपणे मागं सरकत आहेत असं वाटत होतं. घनसावंगी आलं, गेलं. मायनं गावातलं एक झाड ओळखलं, एक विहीर ओळखली. मग ती बांधामागून बांध बघत गेली.

"एवढंच व्हतं?" ती शेवटी म्हणाली.

राजानंदनं नजर खाली वळवली. एक शेत, मग पुढचं.

"काय बघून राह्यला सारखं?"

त्यानं सांगितलं. इंजिन बंद पडणार नाहीच, पण पडलंच तर कुठं उतरायचं ते आधीच धरून ठेवावं लागतं.

"आता कोणतं धरलं?"

त्यानं बोटानं दाखवलं. सपाट, रुंद, रस्त्यालगतचं हरभऱ्याचं रान. याहून चांगलं शोधून सापडलं नसतं.

मायनं वाकून पाहिलं. मग मान हलवली.

"तिथं नको. तिथं बाया खुरपून राह्यल्या."

राजानंदला नुसतं हिरवं दिसत होतं. त्यानं विमान थोडं कलतं केलं, पुन्हा पाहिलं. तेव्हा त्या दिसल्या. सात-आठ ठिपके, एका ओळीत, वाकलेले. त्यांतल्या एकीनं पाठ सरळ केली आणि कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"मंग कुठं उतरू, माय?"

"थांब, बघू दे," ती म्हणाली, आणि काचेला कपाळ टेकवून, काही घाई न करता, एकेक रान पाहू लागली.