काजवा दिसला की बटण

"आन् मधीच लाइट गेली तर?" बयाबाईंनी विचारलं.

"मावशी, शुभ बोला की जरा," पडद्यावरची नजर न काढता सविता म्हणाली.

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ९८ चढत होतं आणि पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर येऊन रुसून बसली होती. कार्ला फाट्यावरच्या डोळ्यांच्या या लहानशा दवाखान्यात नजरेचा घेर तपासायचं एक यंत्र होतं, आणि ते फक्त या म्हाताऱ्या कॉम्प्युटरचंच ऐकायचं. नवा आणून पाहिला, त्याला यंत्राची ओळखच पटेना. परवा विजेच्या झटक्यात जुन्याची हार्डडिस्क गेली. डॉक्टरांनी कुठून तरी तसलीच डिस्क आणि ओरखडे पडलेली सीडी मिळवली. "तूच बसव. नाही जमलं तर यंत्र भंगारात," ते मदतनीस सविताला म्हणाले.

यंत्र चालू झालं नाही तर काय, ही भीती सविताला होतीच. पण चालू झालं तर काय, ही त्याहून मोठी. तिची आई काचबिंदूने, नजरेचा घेर कडेकडेने आक्रसत जाऊन, आंधळी झाली होती. हल्ली सविताची पायरी चुकायची, ताटाजवळची वाटी हात लागून लवंडायची. डॉक्टर म्हणायचे, "तूही एकदा तपासून घे." ती म्हणायची, "आज गर्दी आहे, सर." यंत्र बंद पडलं त्या दिवशी तिला चक्क हायसं वाटलं होतं.

बयाबाई बेडसे गावच्या, जुन्या पेशंट. यंत्राच्या पांढऱ्या घुमटात काजव्यासारखा ठिपका चमकतो, तो दिसला की बटण दाबायचं, असं सविता सगळ्या पेशंटना समजावायची. बयाबाईंनी गेल्या खेपेला काजवा दिसो न दिसो, धडाधड बटण दाबलं होतं.

"परीक्षा हाय म्हनल्यावर नापास कशापायी व्हायचं?" त्या म्हणाल्या होत्या. सविता पोट धरून हसली होती. म्हणून आज पुन्हा तपासणी.

पट्टी हलली. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, जुनी ओळखीची धून वाजली. सविताने यंत्राचा प्रोग्रामही चढवला आणि घुमटात उजेड पसरला.

"आधी स्वतःवर चालवून बघ," डॉक्टर आतल्या खोलीतून म्हणाले. "मग मावशींना बसव."

आता गर्दीही नव्हती. सविताने खोलीतला दिवा घालवला, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली, हनुवटी टेकवली आणि बटण मुठीत धरलं. काजवा चमकला. दाबलं. दुसरा चमकला. दाबलं. मग काहीच नाही. तिने वाट पाहिली. घुमट कोरा.

"अडकलं बघा," ती म्हणाली. आवाजात आनंद मावत नव्हता. "पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागणार."

बयाबाई बाजूने आत डोकावल्या. "न्हाई गं. लागतुय की. ह्यो बघ, खालच्या अंगाला. हितंबी लागला."

सविता हलली नाही. प्रत्येक ठिपक्याबरोबर होणारी यंत्राची टकटक थांबली नव्हती.

तिने बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. बयाबाई एकदा घुमटाकडे आणि एकदा तिच्या मुठीकडे बघत राहिल्या. त्या हसल्या नाहीत.

"चाललं का गं?" आतून डॉक्टरांनी विचारलं.

"चाललं, सर. अगदी बरोबर चाललंय," सविता म्हणाली, आणि कोऱ्या घुमटाकडे बघत बटण दाबत राहिली.