सहभाग : नेहमी

रायपूरच्या उरला भागातल्या कामगार वस्तीतून विनीता घरी परतली तेव्हा तिच्या चपलांवरच नव्हे, भुवयांवरही कारखान्यांची काळी धूळ बसली होती. शहर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून जो तो कसली ना कसली पाहणी करत सुटला होता. विनीताच्या संस्थेच्या वाट्याला विधवांचं मानसिक स्वास्थ्य आलं होतं. दारोदार हिंडून तिने बायकांना प्रश्न विचारले होते, आणि पायांपेक्षा तिला उत्तरांनीच जास्त थकवलं होतं. सगळ्या जणी समाधानी! एवढ्या मोठ्या वस्तीत दुःखी अशी एकही सापडू नये, हे नवलच म्हणायचं.

संस्थेचे प्रमुख उदय सर मात्र खूश होते. "विनीताताई, आकडे स्पष्ट बोलतात. घरात राहणाऱ्या विधवा सुखी आहेत. मग सरकारने त्यांच्यासाठी मदतकेंद्रं कशाला काढायची? सोमवारी अहवालावर सही करा, मी पुढे पाठवतो."

प्रश्नावली पक्की करण्याआधी विनीताने ती घरीच, शारदाकाकूंवर आजमावून पाहिली होती. काकू म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून त्या याच घरात राबत होत्या. प्रश्न विचारताना सासरे गुलाबराव शेजारीच पेपर वाचत बसले होते.

"घरातल्या शुभकार्यात तुमचा सहभाग असतो काय, काकू?"

काकूंनी पदर पुढे ओढला. "हव. नेहमीच."

"तिच्याबिगर आपल्या घरी कार्यच होत नाही," गुलाबराव पेपराआडून म्हणाले. विनीताने सर्वांत वरचा गुण देऊन टाकला.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत झाली. पाहणी संपते न संपते तोच रविवारी नणंदेचं, मंजिरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला. बैठकीत मुलाकडचे, नागपूरचे पाहुणे बसले. सासूबाई केव्हाच वारलेल्या, त्यामुळे ओवाळायचा मान सुनेचा. ताट घ्यायला विनीता स्वयंपाकघरात आली, तर काकू दारामागे उभ्या राहून फटीतून बाहेर पाहत होत्या.

"इथं काहून उभ्या राहिल्या, काकू? चला ना, मंजिरीले ओवाळायचं हाय."

"मी? काहीतरीच बोलतं! शुभ कामात मी पुढं येत असते काय?"

"पन तुमीच तं सांगितलं होतं, नेहमी सहभाग असते म्हणून!"

"मंग खोटं सांगितलं काय?" काकू खरोखर दुखावल्या. "पुरण कोनं वाटलं? पहाटेपासून शेगडीपाशी कोन हाय?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. विनीताने मोजले होते ते काकूंचे कष्ट, आणि नाव दिलं होतं सुख. तेही जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला समोर बसवून! उरला भागातल्या वस्तीतही हेच झालं होतं. बाई उंबऱ्यात बसलेली, आणि खाटेवर मुलगा नाहीतर दीर. कोण कशाला खरं बोलेल?

"आता इथं कोनी नाही, काकू. खरं सांगा, तुमाले काय वाटते?"

काकूंनी पदराला हात पुसले. "मंजिरीची आई गेल्यावर या पोट्टीले मी वाढवलं. एकदा माह्या हातानं तिच्या कपाळाले कुंकू लावावं वाटते. बाकी काही नाही, पोरी."

"सूनबाई, ताट आन!" बाहेरून गुलाबरावांची हाक आली. "मुहूर्त टळून राहिला!"

विनीताने उचललेलं ताट खाली ठेवलं आणि काकूंच्या पायांशी जमिनीवर बसकण मारली.

"ऊठ, पोरी! लोक पाहतीन."

"पाहू द्या."

तिला शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. गुडघे दुखत होते. सोमवारी उदय सरांना सांगायचं होतं, की या आकड्यांवर मी सही करणार नाही. मग तीच दारं पुन्हा ठोठावायची, घरातले पुरुष कामावर गेलेले असताना, आणि आधी एवढंच विचारायचं, कार्याच्या दिवशी तुम्ही कुठे बसता? नुसत्या विचारानेच ती दमून गेली.

गुलाबराव दाराशी आले. "हे काय नाटक लावलं?"

"नाटक नाही, बाबा. काकूबिगर या घरी कार्य होत नाही, असं तुमीच म्हटलं होतं. मंग त्यायले बाहेर बोलवा. तोवर मी बी इथंच."

बैठकीत चौरंगावरून मंजिरी उठली, पाहुण्यांच्या देखत आत आली आणि काकूंसमोर कपाळ पुढे करून तिच्या सवयीच्या हिंदीत म्हणाली, "लगाओ ना, काकू. आपके बिना मैं नहीं बैठूँगी."

विनीताने कुंकवाचा करंडा पुढे धरला. काकूंनी बोट बुडवलं खरं, पण ते हवेतच थांबलं. त्या मंजिरीकडे पाहत नव्हत्या. गुलाबरावांच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि गुलाबराव पाहुण्यांच्या.

वाचकहो, त्या बोटावर कुंकू आहे आणि समोर पोरीचं कपाळ आहे. तुमच्या घरच्या कार्यात दारामागे कोण उभी असते? ती तुमच्या तोंडाकडे पाहील, तेव्हा तुम्ही कुणाकडे पाहाल?