कोरडं बोट

बाईंचा माणसांपेक्षा आकड्यांवर विश्वास जास्त. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. पोरं खोटं बोलतात, बेरीज बोलत नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कॉपी करणारं पोर आपण वर्गात शिरताक्षणी ओळखतो, असा त्यांचा दावा होता. तो कधी कोणी तपासून पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना बाईच म्हणे आणि घरात नवराही.

नवरा बेकरीत केकवरची फुलं करायचा. क्रीमची नव्हे, साखरेच्या मऊ लगद्याची. बोटांनी एकेक पाकळी दाबून, वळवून, खरी वाटावीत अशी. त्यांना सगळे फूलवाले म्हणत. लगदा बोटांना चिकटू नये म्हणून शेजारी पिठीसाखरेचं ताट ठेवायचं आणि दर पाकळीला बोटं त्यात बुडवायची, अशी कामाची रीत. पस्तीस वर्षं त्या टेबलावर दुसऱ्या कोणी हात ठेवला नव्हता. माणूस तसा गरीब गाय. पण टेबलाबद्दल कोणी काही बोललं, तर त्या गायीला शिंगं फुटायची.

फूलवाल्यांना डायबेटिस निघाला, तेव्हा परगावच्या लेकीने साखर तपासायचं मशीन पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "रोज दोनदा तपासा. सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी चहाच्या आधी. लिहून आणा म्हणजे गोळ्या ठरवता येतील." लिहून आणा म्हटल्यावर बाईंना हुरूपच आला. शंभर पानी वही काढली, समास आखला, चार रकाने पाडले. तारीख, वेळ, आकडा, शेरा.

पहिल्याच आठवड्यात फूलवाले हात धुऊन ओलं बोट पुढे करायचे. थेंब पसरायचा, मशीन 'एरर' दाखवायचं, पट्टी फुकट जायची. असं तीनदा झाल्यावर बाईंनी नियम केला. "आधी हात धुवायचे नाहीत. मला कोरडं बोट पाहिजे. रुमालाने पुसा आणि द्या."

"बरं बाई," फूलवाले म्हणाले. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. रक्तात होती ती वेगळीच भानगड.

सकाळचा आकडा एकशे अठरा आला. संध्याकाळी बेकरीतून आल्यावर दोनशे सत्त्याऐंशी.

"काय खाल्लंत?"

"अगं, काही नाही. तू दिलेला डबा."

"डबा खाऊन दोनशे सत्त्याऐंशी?"

"आता ते मशीनला विचार."

"मशीन खोटं बोलत नाही. त्याला जीभ नाही."

"मला आहे," फूलवाले हसून म्हणाले, "पण हल्ली तिला काम नाही."

बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनशे चौसष्ट. तिसऱ्या दिवशी तीनशे दोन. सुट्टीच्या दिवशी मात्र संध्याकाळी एकशे सव्वीस. बाईंनी वही समोर धरली आणि कामाच्या दिवसांखाली लाल रेघ मारली. हातच्या काकणाला आरसा कशाला? हा माणूस दिवसभर साखरेत बसतो आणि तोंड मारतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय उगाच?

त्या दिवसापासून बाई दारातच उभ्या राहू लागल्या. चपला काढायच्या आधी बोट. मधे घरातलं काही तोंडात टाकलं, असं म्हणायला जागा नको. फूलवाले उंबऱ्यावर उभे राहून खिशातला रुमाल काढायचे, बोट पुसायचे आणि पुढे करायचे. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यातून जाताना बघायची. आकडा आला की बाई तो मोठ्याने वाचायच्या. फूलवाले मान खाली घालून आत जायचे.

"शपथेवर सांगतो, कणसुद्धा खात नाही गं."

"मग रुमालाला पांढरं काय लागलंय?" धुवायच्या कपड्यांतून बाईंनी रुमाल उचलून दाखवला. "तोंड पुसलं ना याने?"

"हात पुसतो. सुटायच्या वेळी नळावर गर्दी असते."

"हो का!" बाई म्हणाल्या. असली उत्तरं त्यांनी तीस वर्षं ऐकली होती.

डॉक्टरांनी संध्याकाळचे आकडे पाहून गोळी वाढवली. शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी लॅबमधून करून आणायला सांगितली. बाईंनी ती पुढे ढकलली. घरात मशीन आहे, वही आहे, लॅबवाला वेगळं काय सांगणार? गोळी वाढल्यावर फूलवाल्यांना जेवणाआधी घाम फुटू लागला, हात कापू लागले. "पाकळी नीट वळत नाही गं," ते एकदा म्हणाले. बाईंना वाटलं, सोंग आहे. चोराच्या मनात चांदणं.

मग एके दिवशी त्या नवऱ्याला न सांगता बेकरीत गेल्या. मालक वयाने लहान, पण माणूस आदबशीर. "यांना त्या टेबलापासून लांब ठेवा," बाई म्हणाल्या, "नाहीतर डोळे जातील, पाय जाईल. घरी मी बघते, इथे कोण बघणार?" हे त्या खरोखर काळजीपोटी बोलल्या. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. मालकांनी दुसऱ्याच दिवसापासून फूलवाल्यांना मागच्या खोलीत केकचे खोके घडी करायला बसवलं आणि टेबलावर एका चटपटीत मुलीला.

त्या संध्याकाळी आकडा आला एकशे एकतीस. दुसऱ्या दिवशी एकशे बावीस.

बाईंनी वही फूलवाल्यांच्या पुढ्यात ठेवली. फूलवाल्यांनी लाल रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हो बाई. खात असणार मी."

बाईंना काय हलकं वाटलं! त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "झालं गेलं, सोडून द्या. कबूल केलंत यातच सगळं आलं," त्या म्हणाल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'सुधारणा' असं लिहिलं. 'खात होतो' आणि 'खात असणार' यांतला फरक मुलांच्या पेपरात त्यांनी बरोबर पकडला असता.

आठवडा गेला. टेबलावरचं आपलं सामान फूलवाल्यांनी एका पिशवीत भरून घरी आणून ठेवलं होतं. पाकळ्या कोरायच्या काड्या, एप्रन, पिठीसाखरेचा अर्धा पुडा. दुपारी बाईंनी ती पिशवी आवरायला घेतली. एप्रन गॅलरीत झटकला, काड्या पुसल्या. मग आठवलं, मशीनचा सेल सकाळी संपला होता. नवा घातला. चालतंय का बघावं, म्हणून नियमाप्रमाणे बोट रुमालाने पुसलं आणि स्वतःलाच टोचलं.

तीनशे बारा.

बाईंनी आकडा पुन्हा वाचला. म्हणजे आपल्यालाही! लेकीला सांगावं का, नवऱ्याला कोण बघणार, आपल्याला कोण बघणार, सगळं एकदम डोक्यात आलं. आत्ताच दवाखाना गाठावा म्हणून त्यांनी हातपाय, तोंड धुतलं, साडी बदलली. निघता निघता वाटलं, डॉक्टरांना सांगायला अजून एक आकडा हवा.

अठ्ठ्याण्णव.

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवरच्या एप्रनकडे. मग स्वतःच्या बोटाकडे. त्यांनी पुड्यातल्या पिठीसाखरेत बोट बुडवलं, रुमालाने नीट कोरडं पुसलं आणि टोचलं. तीनशे पस्तीस. साबणाने हात धुतले, खसाखसा पुसून वाळवले, पुन्हा टोचलं. एकशे एक. गणित इतकं सोपं होतं, की चौथीतल्या पोराने सोडवलं असतं.

मशीनच्या डब्यात आठ घड्या घातलेला एक कागद पहिल्या दिवसापासून होता. बाईंनी तो आता उघडला. पहिलीच सूचना होती, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा, हे त्यांनी किती पोरांना ओरडून सांगितलं असेल!

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर सहाला यायचे होते. फोनवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज सहाला घेऊनच या. गोळी जास्त होत असेल. आणि घाम, कापरं असं काही झालं, तर वाट बघू नका. लगेच साखर द्या त्यांना."

बाई तशाच बेकरीत गेल्या. मालकांना सगळं सांगितलं, चार आकडे पाठ म्हणून दाखवले. फूलवाले मागच्या खोलीत होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मालकच हळू आवाजात बोलत होते.

"वहिनी, आता झाकून काय उपयोग? त्यांनी स्वतः माझ्यासमोर कबूल केलंय. सगळ्यांसमोर माफी मागितली त्यांनी. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

"अहो, पण त्यांनी खाल्लंच नाही! मी सांगते ना!"

"बरं," मालक म्हणाले. बाई नवऱ्याला 'हो का' म्हणायच्या, अगदी त्याच सुरात. "आणि तसाही त्यांचा हात थरथरायला लागला होता. ती मुलगी छान करते फुलं. बघा हवं तर."

टेबलावर ती मुलगी पाकळ्या वळत होती. शेजारी तेच ताट होतं. आपण खरं बोलतोय हे कसं पटवून द्यावं, बाईंना सुचेना. हातात मशीन नव्हतं, आणि असतं तरी त्याने बोटावरची साखर दाखवली असती, नवऱ्याने खाल्लीच नाही हे कुठून दाखवणार? बाईंकडे फक्त स्वतःचा शब्द होता आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

पाच वाजता फूलवाले आले. सवयीने उंबऱ्यावर थांबले, रुमाल काढला. कपाळावर घाम डबडबला होता. पुढे केलेलं बोट कापत होतं.

"आत या," बाई म्हणाल्या. "चला, आधी आत या."

त्यांनी नवऱ्याला धरून मोरीपाशी नेलं. साबण लावून त्यांचे हात स्वतः धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे, आणि टॉवेलने एकेक बोट कोरडं केलं. टोचलं. अठ्ठावन्न.

घरात साखरेचा डबा नव्हता. तो बाईंनीच कधीचा शेजारी देऊन टाकला होता. त्यांनी पेल्यात पिठीसाखर ओतली, पाणी घालून ढवळली आणि पेला नवऱ्याच्या ओठांना लावला. फूलवाल्यांनी ओठ घट्ट मिटले.

"नको."

"घ्या हो, औषध आहे."

"नको बाई. वहीत चढेल."

"मी पाया पडते तुमच्या. तोंड उघडा!"

फूलवाले घोट घोट करून प्यायले. प्रत्येक घोटाला ते बाईंकडे बघत होते. पाव तासाने घाम ओसरला, हात स्थिर झाले. मग बाईंनी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. सेल, एप्रन, तीनशे बारा, अठ्ठ्याण्णव, आठ घड्यांचा कागद. "चूक माझी होती," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात फार वेळा उच्चारलेलं नव्हतं. ते म्हणताना त्यांना रडू आवरेना. फूलवाले मात्र रागावले नाहीत. कपाळाला आठी घालून, अवघड हिशेब लावावा तसे ऐकत राहिले.

"मग कबूल का केलंत?" बाईंनी विचारलं. "का नाही भांडलात माझ्याशी?"

"भांडणार कशाच्या जोरावर? आकडे येतच होते ना. मला वाटायला लागलं, माझ्याही नकळत हात तोंडाकडे जात असेल. कामात तंद्री लागते माझी. शेवटचा आठवडाभर मी तोंडाला फडकं बांधून काम केलं. गाठ मागे मारायचो, पक्की. तरी संध्याकाळी दोनशे नव्वद. मग म्हटलं, आता माझ्यावर माझाच भरवसा नाही."

बाई त्यांचा हात धरून बसल्या. बोटांच्या टोकांवर टोचल्याचे काळे ठिपके होते. तीन महिन्यांचे, रांगेने.

"म्हणजे," फूलवाल्यांनी हळूच विचारलं, "मी खात नव्हतो?"

"नाही हो. कणसुद्धा नाही."

"नक्की?"

"नक्की. मी सांगते ना."

फूलवाल्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं धुतलेलं, कोरडं बोट पुढे केलं.

"तरी एकदा मशीनला विचार," ते म्हणाले.