अंगठ्यावरची चीर

“दारानं बोट चेंगरतं. कापत नाही,” सिस्टर म्हणाली आणि लेकीचा अंगठा तिनं खिडकीच्या उजेडात धरला.

वीस वर्षं ड्रेसिंगरूममध्ये काढलेल्या बाईला जखम वाचता येते. चीर सरळ होती, कडा स्वच्छ. हे पात्याचं काम. पण अकरा वर्षांची बारकी आपलं म्हणणं सोडेना आणि नजरही वर करेना. सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. शाळेत दर शनिवारी सुतारकाम शिकवायला येणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांना डाव्या हाताची करंगळी नव्हती. ज्याला स्वतःची बोटं सांभाळता आली नाहीत, तो लोकांची पोरं काय सांभाळणार? त्यानंच पोरीला गप्प बसायला सांगितलं असणार.

ड्यूटीवर जाताजाता तिनं शाळेच्या मोठ्या बाईंच्या हातात लेखी तक्रार ठेवली. मग शनिवारी न सांगताच वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली.

पोरांचे केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, डोळ्यांवर चष्मे. लाकूड क्लॅम्पमध्ये घट्ट आवळल्याशिवाय कुणाच्या हाती करवत नाही, आणि करवतीही पोरांच्या हाताच्या मापाच्या. धाकट्यांना नुसता काचपेपर. सिस्टरला वाटलं, तक्रारीची कुणकुण लागलेली दिसतेय, म्हणून हा देखावा.

मास्तरांनी एक वही पुढे केली. कोणाला कोणतं हत्यार कधी दिलं, सगळं तारीखवार होतं. बारकीच्या नावापुढे लिहिलेलं, ‘कोरायची पटाशी नाही. मनगट अजून कच्चं. घाई करते.’ सिस्टरनं पान उलटून शाई ताजी आहे का तेसुद्धा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी केर काढताना बारकीच्या पलंगाखाली फळीचा तुकडा सापडला. त्यावर अर्धवट कोरलेलं पान, कडेला वाळलेलं रक्त. शेजारी टोक मोडलेली भाजीची सुरी. ती हरवली म्हणून सिस्टर आठवडाभर कामवाल्या मावशींवर डोळा ठेवून होती.

बारकी रडली नाही. खाली बघत म्हणाली, “मास्तर पटाशी देतच नव्हते. म्हणत, आधी दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवायला शीक. मला वाटलं, घरी शिकून दाखवावं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू सुतारकामच बंद केलं असतंस.”

सोमवारी सिस्टर धावतपळत तक्रार मागे घ्यायला गेली. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की कागद वर गेलाय, आणि एकदा वर गेलेला कागद खाली यायला वर्ष लागतं. वर्ग बंद झाला होता.

मास्तर सामान आवरत होते. आपण काय केलं ते सिस्टरनं एका दमात सांगून टाकलं, मावशींचंही सांगितलं. मास्तरांनी फक्त पोरीचा अंगठा भरून आला का, एवढंच विचारलं. मग म्हणाले, “एक टोक धरता का, ताई? एकट्याला जमत नाही.”

कामाचं टेबल त्यांनी पोरांच्या उंचीला पाय कापून बुटकं केलेलं होतं. दोघांनाही पार कमरेत वाकावं लागलं. सिस्टर पाठमोरी दाराकडे सरकू लागली.

“सावकाश,” मास्तर म्हणाले. “मागे पायरी आहे.”