धनेशाची ढोली

बेटावर सुट्टीला आलेल्या शिक्षिकाबाई नावाड्याला भाऊ मानायच्या. त्या मायेपोटी त्याने त्यांना आपल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली धनेशाची ढोली दाखवली. आत मादी पिल्लांसह कोंडून बसली होती आणि नर फटीतून फळं भरवत होता.

"कुणाला सांगू नका, ताई."

"तुझी शप्पथ!"

तिसऱ्या दिवशी झाडाखाली हॉटेलातले तीसेक पाहुणे कॅमेरे रोखून उभे होते आणि बाईच बोट दाखवत होत्या. नर घिरट्या घालून फळासकट परत गेला.

"रागावलास का रे? सगळे आपलेच आहेत," बाई हसल्या.

त्यांनी केसाने गळा कापला होता. त्याने सगळ्यांना हुसकावलं आणि लांब बसून राहिला. संध्याकाळी नर आला, तेव्हा नावाड्याला रडू फुटलं. बाईंना निरोप द्यायला तो गेला नाही.