लहान खिडक्यांची बोट

"ह्या खिडक्या आहेत का उंदरांची बिळं? आत बसून माणसानं बघायचं काय, स्वतःचं नशीब?"

माझ्या काचेला नाक टेकवून एक वयस्कर गृहस्थ कुरकुरत होते. नाकाचा गोल ठसा काचेवर उमटला. पण कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला इतक्या जवळून पाहत होतं, म्हणून मी राग मानला नाही. मित्रांनो, मी एक जुनी मोटारबोट आहे. बुडानं जड, नाकानं वर, आणि खिडक्या म्हणाल तर खरंच लहान. त्या तशा का, हे सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

नदीच्या मुखाशी एका शेडमध्ये तीन भावांनी मला बांधलं. थोरला मोजायचा, मधला कापायचा आणि धाकटा दोघांच्या चुका काढायचा. "सपाट पोटावर लाट लाथ घालते," असं थोरल्याचं म्हणणं, म्हणून माझं पोट धारदार केलं. इंजिन अगदी तळाशी बसवलं, म्हणजे कितीही कलले तरी मी परत सरळ व्हावं. आत आलेलं पाणी लगेच निघून जावं म्हणून कठड्याच्या खाली मोठी भोकं ठेवली. आणि खिडक्या लहान, जाड काचेच्या, कारण मोठी काच म्हणजे लाटेला घरी बोलावणंच.

बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांवर, त्यांना खडक चुकवून आत आणणाऱ्या वाटाड्यांना नेऊन पोचवायचं, हे माझं काम. जहाजं हवा बघून येत नाहीत, त्यामुळे मलाही हवा बघून निघता येत नसे. परत आल्यावर चिंब भिजलेले वाटाडे धक्क्यावर उतरताना माझ्या कठड्यावर थाप मारायचे. "आणलंस गं बाई," म्हणायचे. एवढंच कौतुक, पण ते मनापासूनचं असायचं.

मग नव्या, वेगवान बोटी आल्या. मला पाण्यातून काढून एका यार्डात लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. रंगाचे पोपडे निघाले, धुराड्यात पक्ष्यांनी बिऱ्हाड केलं. गिऱ्हाइकं यायची, शेजारच्या पांढऱ्याशुभ्र दुमजली बोटीत शिरून गाद्या दाबून बघायची आणि मला वळसा घालून निघून जायची. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! "हा हंगाम बघू, नाहीतर हिला मोडीत काढू," असं यार्डाचा मालक बोलू लागला होता.

अशात ते काचेला नाक टेकवणारे गृहस्थ बायकोला घेऊन आले. गृहस्थ घड्याळजी, नुकतंच दुकान बंद केलेले. बाईंची हयात शाळेची बस चालवण्यात गेली. त्यांची लेक समोरच्या बेटावर राहायची. हवा बिघडली की तिथली लाँच बंद, आणि हवेला तर बिघडायला निमित्तच लागायचं. पहिली नात झाली तेव्हा हे दोघं धक्क्यावर अडकून पडले होते. नातीचं तोंड बघितलं, तेव्हा तिला दात आले होते. आता लेक पुन्हा पोटुशी होती आणि दिवस भरत होते ते ऐन वादळी हंगामात.

"या वेळी मी लाँचवाल्याच्या तोंडाकडे बघत बसणार नाही," बाईंनी घरात जाहीर केलं होतं.

"बोट घेऊ," घड्याळजी म्हणाले होते. "पण चालवणार मी. जन्मभर गाडी तू चालवलीस."

त्यावर बाईंनी विषय बदलला होता. कारण घरात सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती कुणीच उच्चारत नव्हतं. घड्याळाच्या चाकाचे दाते मोजणाऱ्या या माणसाला रस्त्यापलीकडची गाय आणि माणूस यांतला फरक कळेनासा झाला होता. चष्म्यानं भागण्याचे दिवस केव्हाच गेले होते. पण डोळ्यांवर जगलेल्या माणसाला हे तोंडावर सांगायचं कुणी?

यार्डात मात्र त्यांचा थाट बघण्यासारखा. डोळ्याला भिंग लावून ते पांढऱ्या बोटीचा एकेक स्क्रू तपासत होते. "काय काम आहे! ही बिजागरी बघ, फटीत केस जायचा नाही."

बाई उलट चालत सुटल्या, थेट फाटकापर्यंत. तिथून त्यांनी आम्हा दोघींना आपादमस्तक न्याहाळलं आणि ओरडल्या, "अहो, बिजागऱ्या राहू द्या! इथून बघा तिच्याकडे. टपावर सामान लादलेल्या गाडीसारखी आहे. वळणावर झोपेल!"

"मला इथूनच दिसतंय," घड्याळजी जागचे न हलता म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या आणि फाटकापासून परत आल्या.

पाण्यात नेऊन बघायचं ठरलं. मालक म्हणाला, "काकू, आज वारा आहे. जरा ऊन पडू द्या."

"ऊन पडल्यावर कुठलीही बोट गुणीच वागते. घरी पाहुणे आले की पोरं वागतात तशी. मला पाहुणे गेल्यावरचं बघायचंय."

पांढरी पहिल्याच मोठ्या लाटेला एका कुशीवर गेली आणि परत उठावं की नाही, याचा बराच वेळ विचार करत राहिली. वरच्या मजल्यावरून घड्याळजी खाली उतरले ते चार पायांवर. मग माझी पाळी. मीही कलले, अंगावर पाणी घेतलं, पण भोकांतून ते ओतून देऊन लगेच सरळ झाले. घड्याळजींनी इंजिनाच्या झाकणाला कान लावला. बराच वेळ लावला.

"ठोका चुकत नाही हिचा," ते म्हणाले. खिडक्यांबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

घरी नेल्यावर बाईंनी आधी माझी तेलाची टाकी उघडायला लावली. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ. शांत पाण्यात तो निजून राहतो. लाटांनी टाकी घुसळली की वर येतो, नळीत अडकतो आणि इंजिन नको तिथं बंद पडतं. घड्याळजींनी तो सगळा खरवडला, एकाच्या जागी दोन गाळण्या बसवल्या. मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग फासायची घाई करू नका. आधी तिचा तळ बघा, तो साफ करा. मग ती तुम्हाला दगा द्यायची नाही.

बेटावरून निरोप आला त्या दिवशी लाँच बंदच होती. आम्ही निघालो. सुकाणूच्या चाकावर घड्याळजी, शेजारी बाई.

"जरा डावीकडे घ्या ना, तिकडे लाट कमी आहे," बाई म्हणायच्या. तिकडे लाट कमी नव्हती, इकडे खडक होता. "आता थोडं उजवीकडे, माझ्या तोंडावर पाणी येतंय." असं करत करत, तोंड निथळत असलेल्या त्या बाईंनी आम्हाला अर्ध्या वाटेवर आणलं. बेटाच्या तोंडाशी मात्र बहाण्याला वेळ उरला नाही. समोर काळा सुळका आला आणि त्यांनी दोन्ही हातांनी चाक ओढलं. माझी कूस खडकाला चाटून गेली. पुढच्या क्षणी आम्ही लाटा अडवणाऱ्या बांधाच्या आत, निवांत पाण्यात होतो.

"हात घसरला माझा," बाई म्हणाल्या.

धक्का जवळ आला तसा घड्याळजींनी हात वर केला आणि तोंडभर हसून हलवला. "बघ, आली आपली पोर! मला ओळखलंन!"

तो दोर बांधायचा पांढरा खांब होता. लेक चांगली दहा हात बाजूला, नातीचा हात धरून उभी होती. तिनं एकदा वडिलांच्या हाताकडे पाहिलं, एकदा खांबाकडे. मग अवघडल्या अंगानं, नातीला ओढत, ती हळूहळू सरकली, खांबाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि हात हलवू लागली.

खांबाकडे सरकत आलेल्या त्या आकाराची हालचाल तेवढी घड्याळजींना कळली असावी. त्यांचा हात खाली आला. त्यांनी इंजिन मंद केलं.

"खांबाला हात करत होतो ना मी?"

बाईंनी बांधायचा दोर हातात घेतला.

"आणि ती चालत आली. माझ्यासाठी, या अवस्थेत." त्यांनी मोठा श्वास सोडला, मानेवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा, आणि चाकावरून बाजूला झाले. "अगं, मला लांबचं दिसत नाही. ये, तू चालव."