आनंदाच्या टॅक्सीतला फिल्टर

मित्रांनो, चिंचपोकळीच्या गॅरेजात वरच्या फळीवर जो गंजका डबा दिसतो ना, तो मी. एके काळी मी टॅक्सीचा एअर फिल्टर होतो. माझ्या पोटात तेलात भिजवलेली तारांची जाळी असे. इंजिनाला लागणारी हवा माझ्यातून जाई आणि धूळ माझ्यापाशी अडे.

टॅक्सी आनंदाची. तो लालबागच्या चाळीत राही. तिथे गिरण्यांमुळे हवेत कापसाचे बारीक तंतू उडत आणि माझ्या जाळीला चिकटत. म्हणून दर रविवारी आनंदा मला रॉकेलने धुई, ताजे तेल लावी. त्याची गाडी चढणीवरही कुरकुरत नसे.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आनंदा तुरुंगात गेला. टॅक्सी त्याचा मेहुणा दगडू चालवू लागला. तो गाडी बाहेरून लख्ख पुसे, बॉनेट मात्र उघडत नसे. माझी जाळी मळाने गच्च भरली. इंजिनाला हवा पुरेना. ते पेट्रोल जास्त पिऊ लागले, काळा धूर ओकू लागले. “इंजिनच म्हातारं झालंय,” असे म्हणून दगडू मोकळा होई.

एका दुपारी आनंदाची बायको गंगुबाई हिला कळा सुरू झाल्या. दगडू तिला इस्पितळात घेऊन निघाला. पुलाच्या चढणीवर गाडी धापा टाकत बंद पडली. त्याने पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. मला सारे कळत होते, पण माझाच श्वास कोंडला होता.

मागून गंगुबाई दात आवळून म्हणाली, “दगडू, हे दर रविवारी तो फिल्टर धुवायचे. तू धुतलास कधी?”

दगडूने उतरून बॉनेट उघडले. त्याने मला उपटून सीटखाली टाकले. मोकळी हवा मिळताच इंजिन सुरू झाले आणि गाडी पूल चढून गेली. संध्याकाळी गंगुबाईला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

मी सीटखालीच राहिलो. माझ्यावाचून गाडी झकास पळत होती. वाटले, संपले आपले काम.

आनंदा सुटून आला. लेकीला डोळे भरून पाहून झाल्यावर त्याने बॉनेट उघडले.

“फिल्टर कुठाय रे?”

“काढला, दाजी. त्याच्याशिवाय बरी चालते.”

“नाक चोंदलं म्हणून नाक कापतात का? सगळी धूळ आत जाऊन इंजिन झिजेल.”

दगडू खजील झाला. रॉकेलचा डबा त्यानेच आणला, आणि मला घासूनही त्यानेच काढले. टॅक्सी मोडीत निघेपर्यंत मी माझ्या जागेवर होतो.

मित्रांनो, जो धूळ अडवतो तो मळतोच. त्याला फेकू नका. धुवा, आणि परत जागेवर बसवा.